वाड्यातला ब्लॅकमेलपट: सांगलीकडे ब्लॅक अँड व्हाइट शॉर्टफिल्म कशी करायची

ब्लॅक अँड व्हाइट गुन्हेगारी शॉर्टफिल्म करायची म्हटली की हॅट, ओव्हरकोट, ओला रस्ता आणि सिगारेटचा धूर ही यादी आधी तयार होते. विषय कुटुंब आणि ब्लॅकमेल असेल तर ती यादी फाडून टाका. या प्रकारातली भीती माजघरात असते. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, बसलेला माणूस बाईला धमकावत असतो आणि त्याच वेळी आतून सासू विचारते, "कोण आलंय गं?" उत्तर द्यायला बाईला दोन सेकंद मिळतात. पुढची सगळी तांत्रिक उठाठेव त्या दोन सेकंदांसाठी.

नमुना म्हणून दिग्दर्शक मॅक्स ओफल्सचा 'द रेकलेस मोमेंट' (१९४९) एकदा सरळ पाहा, मग आवाज बंद करून पाहा. सिनेमा ८२ मिनिटांचा आहे. नवरा बर्लिनला, घरी बायको, दोन मुलं, सासरे आणि कामवाली. मुलीने एका लफंग्याला लिहिलेली पत्रं घेऊन एक जण दारात येतो आणि पाच हजार डॉलर मागतो. बाईकडे घर आहे, मोटार आहे, पण हातात रोकड नाही. कॅमेरामन बर्नेट गफी. पाहताना एवढंच मोजा: ती घरात एकटी किती वेळा सापडते? फार थोड्या. नवऱ्याचा फोन आला तरी भोवती कोणी ना कोणी असतंच. ही रचना घ्या, कथा घेऊ नका.

गोष्ट: पोलिसांत का जात नाही?

ही रचना सांगली जिल्ह्यात बसवायला फार खटपट पडत नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडची कितीतरी घरं गलाईवाल्यांची. कर्ता पुरुष केरळात, तमिळनाडूत नाहीतर दिल्लीला सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, आणि विट्याच्या घरात बायको, म्हातारी, पोरं. काळ १९७० च्या दशकाची अखेर धरा. पत्रं, ट्रंक कॉल, मनीऑर्डर आयतेच मिळतात हे एक कारण. दुसरं कारण मोठं आहे. १९६८ पासून १९९० पर्यंत देशात सुवर्ण नियंत्रण कायदा होता. घरात दागिने चालत, पण सोन्याची लगड किंवा बिस्किट सामान्य माणसाला ठेवता येत नसे.

ब्लॅकमेलच्या गोष्टीला पहिलं भोक पडतं ते "मग ती पोलिसांत का जात नाही?" इथे. नुसती पत्रं हे उत्तर पुरत नाही. दोन कुलपं लावा. पत्रं बाहेर आली तर मुलीची सोयरीक मोडेल, ही लाज. कोनाड्यातली लगड निघाली तर नवरा आत जाईल, हा धाक. पत्रांबद्दल ती एखाद्या दिराशी बोलेलही, लगडीबद्दल कोणाशीच बोलणार नाही. शिवाय घरात सोनं असून ते विकता येत नाही, ही गोची या जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही.

मागणीचा आकडा हवेत ठरवू नका. डाळीच्या डब्यातले पैसे आणि भिशी मिळून निम्मी रक्कम भरेल आणि उरलेल्या निम्म्यासाठी अंगावरचा दागिना उतरवावा लागेल, असा ठेवा. हातातल्या पाटल्या गेल्या की सासूला दिसणारच. म्हणजे पैशाचा आकडा संवादात न सांगता पडद्यावर दिसतो. मुदत चार दिवसांची पुरे. आठवडा दिला की ताण सुटतो.

ब्लॅकमेल करणाऱ्याला गुरगुरायला लावू नका. तो तिला "वहिनी" म्हणेल, "अहो" लावेल, चपला उंबऱ्याबाहेर काढून आत येईल.

"वहिनी, चहा नको. पत्रं सहा आहेत. मोजून घ्या पायजे तर."

"हळू बोला. आत्याबाई आत आहेत."

"तेच तर. मला बी मोठ्यानं बोलायला आवडत न्हाय."

सासूला "आत्याबाई" आणि सासऱ्यांना "मामंजी" हे इकडच्या घरांत सहज येतं. तिथे "आई-बाबा" घातलंत तर काळही मोडतो आणि घरही. पोलिसाचा प्रसंग असेलच तर खंडणीचं कलम त्या काळचं, म्हणजे भारतीय दंड विधानाचं ३८४ लागेल. २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेतलं ३०८ चुकून फौजदाराच्या तोंडी जाऊ देऊ नका.

लांबी बारा मिनिटं ठेवा. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब देवनागरीत टाइप केलेल्या पानाला लागू पडेलच असं नाही. घड्याळ लावून संहिता मोठ्याने वाचा, बिनसंवादी हालचालींसाठी वाचनाच्या वेळेत तिसरा हिस्सा वाढवा.

वाडा निवडताना

सुंदर वाडा शोधू नका, सोयीचा शोधा. तीन गोष्टी हव्यात: सोप्यापासून परसदारापर्यंत एका रेषेत येणारी दारं, माडीवर जाणारा लाकडी जिना, आणि गज असलेली अशी एक खिडकी जिच्या बाहेर बोळात दिव्याचा स्टँड उभा करता येईल. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि मग दिवा खोलीत ठेवून खिडकीतून उजेड आल्याचं सोंग करतात. ते सोंग लगेच कळतं.

घराचा नकाशा वहीत काढा आणि प्रत्येक प्रसंगात कोण कुठे बसलंय, त्याला कोण दिसतंय, कोणाचं बोलणं कुठपर्यंत ऐकू जातं, हे बाणांनी दाखवा. पटकथेतल्या निम्म्या चुका इथेच सापडतात. सोप्यातलं कुजबुजणं स्वयंपाकघरात ऐकू जाणार नसेल तर प्रसंगात धोकाच उरत नाही.

मागे सरकायला जागा किती ते टेपने मोजा. एपीएस-सी सेन्सरवर (कॅमेऱ्यातला मधल्या आकाराचा सेन्सर) २४ मिमी लेन्स लावली तर उभा माणूस नखशिखांत मावायला साधारण ४ मीटर लागतात; ३५ मिमीला साडेपाच मीटरच्या पुढे. जुन्या घरातला खण, म्हणजे दोन खांबांमधली जागा, याहून बराच अरुंद असतो, म्हणून कॅमेरा शेजारच्या खोलीत जाऊन दारातून बघणार. जाऊ द्या. दाराची चौकट आपोआप चित्राला दुसरी चौकट देते आणि बाई कोंडलेली दिसते.

चित्राची चौकट त्या काळची, १.३७ : १ ठेवा. एडिटिंगच्या १०८० उंचीच्या टाइमलाइनला रुंदी १४८०. मॉनिटरवर दोन्ही बाजूंना काळी चिकटपट्टी लावून शूटिंगच्या दिवसापासूनच याच चौकटीत बघा. रुंद चौकटीत बांधलेला शॉट नंतर कापला की जिन्याचा कठडा आणि नेमकी कोपऱ्यातली सासू बाहेर जाते.

कुंकू कुठे गेलं?

रंग गेले की लाल लुगडं आणि हिरवा चुडा जवळजवळ एकाच राखाडी रंगाचे होतात. सावळ्या कपाळावरचं लाल कुंकू तर पार विरघळतं. कारण सोपं आहे: कातडीतही लाल रंग भरपूर असतो, त्यामुळे दोन्हींचा उजळपणा सारखा भरतो. नंतर संगणकावर चेहरा उजळ करण्यासाठी लाल चॅनेल (चित्रातला लाल रंगाचा हिस्सा) वाढवला की कुंकू आणखी फिकट होतं आणि बाई कपाळ पुसल्यासारखी दिसते. असल्या गोष्टीत ही चूक महागात पडते, प्रेक्षक भलताच अर्थ लावतो. कुंकू गडद मरून किंवा सरळ काळं लावा.

शूटिंगच्या आठवडाभर आधी सगळे कपडे, बांगड्या, पडदे आणि भांडी एका चादरीवर मांडा, फोन मोनोक्रोमवर टाकून फोटो काढा. ज्या दोन वस्तू वेगळ्या दिसायला हव्यात त्या एकच दिसत असतील तर एक बदला. पांढरंशुभ्र धोतर किंवा टोपी दिव्याखाली जळते. चहाच्या पातळ पाण्यात बुडवून वाळवली की पडद्यावर पांढरीच दिसते आणि सुरकुत्याही टिकतात. पितळी भांड्यांची चमक कॅमेऱ्यात टोचत असेल तर राखेचा हात फिरवा.

गजांच्या सावल्या

परदेशी सिनेमांतल्या आडव्या पट्ट्यांच्या पडद्यांचं काम इथे उभे गज करतात. जिन्याचा कठडा, कौलातलं काचेचं तावदान, माळवदातला झरोका हेही आहेच. गजाची सावली कडक येत नाही ही नेहमीची तक्रार, आणि दोष बहुतेक वेळा दिव्याच्या तोंडाचा असतो. सावलीच्या कडेचा धूसर पट्टा किती रुंद येणार याचा हिशेब असा: दिव्याच्या तोंडाची रुंदी गुणिले गज ते भिंत अंतर, भागिले दिवा ते गज अंतर.

१५० वॉटचा सीओबी एलईडी (एकाच मोठ्या चिपचा दिवा) घ्या. रिफ्लेक्टर लावल्यावर त्याचं तोंड साधारण १७ सेंमी होतं. दिवा खिडकीपासून ५ मीटरवर आणि भिंत गजांपासून दीड मीटरवर असेल तर कडेचा धूसर पट्टा ५ सेंमी भरतो. गज जेमतेम दीड सेंमीचा, म्हणजे सावली विरून जाते. रिफ्लेक्टर काढून टाका. उघडी चिप ३ सेंमीच्या आसपास असते, धूसर पट्टा एक सेंमीच्या आत येतो आणि गज भिंतीवर स्पष्ट उभे राहतात. उजेड बराच कमी होतो, पण आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) १६०० आणि लेन्सचं तोंड एफ २.८ ते ४ मध्ये काम भागतं. उघडा दिवा चहूकडे उजेड फेकतो, म्हणून त्याच्या बाजूंना उजेड अडवणारे काळ्या कापडाचे कटर लावा. नाहीतर समोरच्या घराची भिंत उजळून तिथून परत येणारा मऊ उजेड सावल्या धुऊन टाकेल. सॉफ्टबॉक्स गाडीतच राहू द्या.

चेहऱ्याची उजेडाकडची बाजू मॉनिटरच्या वेव्हफॉर्मवर (उजेडाची पातळी ० ते १०० मध्ये दाखवणारा आलेख) ५० ते ५५, अंधाराकडची २० च्या आसपास, मागची भिंत ३० च्या खाली. म्हणजे दोन बाजूंत साधारण तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), आठास एक असा फरक. भरणीचा, म्हणजे अंधाराकडची बाजू थोडी उजळणारा उजेड दुसऱ्या दिव्याने देऊ नका. दोन फूट बाय तीन फूट थर्माकोल हातात धरून पुढे-मागे करा. नुसत्या सावलीत डोळे खड्ड्यासारखे दिसत असतील तर लेन्सच्या शेजारी बटर पेपर गुंडाळलेली छोटी टॉर्च धरा. बुबुळात एक ठिपका आला की पुरे.

फ्रेममध्ये दिसणारा बल्ब फिलामेंटचाच घ्या, ४० किंवा ६० वॉट, डिमरवर. मंद केल्यावर तो नारिंगी होतो, पण इथे त्याची फिकीर नाही. एक मात्र लक्षात ठेवा: फिलामेंटच्या उजेडात निळा रंग फार कमी असतो. नंतर ग्रेडिंगमध्ये (संगणकावर रंग-उजेड जुळवताना) निळा चॅनेल वाढवलात तर चेहऱ्यावर दाणेदार कचरा येतो. अशा प्रसंगांत हिरव्या चॅनेलवर भर द्या.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २५ फ्रेम घेत असाल तर शटर १/५० ठेवा, चोकची ट्यूब किंवा स्वस्त एलईडी चमकणार नाही. २४ फ्रेमच हवे असतील तर शटर कोन १७२.८ अंश. वाड्यातल्या जुन्या ५ अँपिअरच्या सॉकेटवर मांडववाल्याचा १००० वॉटचा हॅलोजन लावू नका. हिशेबाने ११५० वॉटपर्यंत चालेल असं वाटतं, पण त्याच तारेवर फ्रिज आणि पंखे असतात, आणि लाकडी तुळईवरून गेलेल्या तारेला आग लागली तर शॉर्टफिल्म राहील बाजूला.

धुरासाठी भाड्याचं मशीन आणायची गरज नाही. निखाऱ्यावर ऊद टाका, दारं लावा, दोन मिनिटं थांबा, धूर खाली बसून सारखा पसरला की शॉट घ्या. धूर दिसतो तो मागून येणाऱ्या उजेडात. समोरून दिवा मारला की सगळी खोली दुधाळ होते आणि काळे कोपरे जातात. तीन-चार शॉटनंतर धूर कमी होतो आणि कट जुळत नाहीत, म्हणून एका प्रसंगातले धुराचे शॉट सलग घ्या. कोणाला दम्याचा त्रास आहे का, हे आधी विचारा.

ट्रंक कॉलचा प्रसंग

हा फिल्मचा कणा आहे, याला अख्खी एक रात्र द्या. ट्रंक कॉल तीन मिनिटांच्या हिशेबात चाले. ऑपरेटर मध्येच बोलून वेळ झाल्याचं सांगे. म्हणजे घड्याळ न दाखवताही वेळ संपत असल्याचं कळतं. बाई नवऱ्याला खरं सांगणार, इतक्यात म्हातारी फोनजवळ येऊन बसते. "अहो, तब्येत कशी आहे?" एवढंच बोलून बाई थांबते. बाकीचं सगळं चेहऱ्यावर.

फोन जिन्याखाली ठेवा. कॅमेरा साडेतीन फूट उंचीवर. दुसऱ्या टोकाचा नवरा नंतर डबिंगला बोलावू नका. त्याला माडीवर बसवून दोन फोनवर खरोखर बोलायला लावा, त्याचा माइक वेगळा. नटी ऐकतेय की पाठ केलेल्या वाक्याची वाट बघतेय, हे मानेवरून कळतं. शॉट एकच, अडीच-तीन मिनिटांचा. मध्ये मुलगी जिना उतरते, म्हातारी पाणी मागते, स्वयंपाकघरात वरण उतू जातं. कॅमेरा चालवायचाच असेल तर फक्त बाई हलली की हलवा. पीव्हीसी पाइपांवर बेअरिंगची चाकं लावलेली फळी दोन मीटरसाठी पुरते. जिन्यावर गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारी मूठ) घ्या आणि चालवणाऱ्याच्या मागे हात धरायला एक माणूस ठेवा, त्या पायऱ्या उभ्या असतात. अशा शॉटला एफ ५.६ हवा, नाहीतर मागची म्हातारी धूसर होईल आणि शॉटचं कारणच संपेल. एफ २.८ वरून ५.६ वर जाताना चौपट उजेड लागतो, म्हणून याच एका प्रसंगाला दिवे जवळ आणा आणि आयएसओही ३२०० पर्यंत चढवा.

आवाजासाठी दगडी फरशीवर आणि कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर घोंगडी टाका. बूम (काठीवरचा माइक) तोंडापासून दीड-दोन फुटांवर, पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास, दर खोलीचा रिकामा आवाज मिनिटभर वेगळा. नोव्हेंबर ते मार्च हा उसाचा हंगाम. रात्रभर गाणी लावून जाणारे ट्रॅक्टर कोणत्याही माइकला ऐकू येतात, आणि १९७८ साली ती गाणी नव्हती. रस्त्यापासून आत असलेलं घर घ्या किंवा संवादांचे प्रसंग पहाटेवर ढकला.

नदीवर जाताना

प्रेत, होडी, धुकं यांचा मोह होणारच. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे, सांगलीत १९२९ सालचा आयर्विन पूल आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यावर वाफ उभी राहते. सूर्योदयाआधीची वीसेक मिनिटं कामाची. जुलै-ऑगस्टमध्ये घाटाचा विचारही नको. २००५, २०१९ आणि २०२१ या साली काय झालं ते सांगलीत कोणालाही विचारा.

कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, डिग्रजच्या पट्ट्यात माणसांवर हल्लेही झाले आहेत. थंडीत त्या उन्हाला मळीवर, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीवर, येऊन पडतात. स्थानिक कोळ्यांना आणि वनखात्याला विचारल्याशिवाय काठावर तिपाई लावू नका, नटाला गुडघाभर पाण्यातही उतरवू नका. प्रेत पाण्यात सोडल्याचं दाखवायचं असेल तर होडी बांधलेली ठेवा, कॅमेरा बाईच्या चेहऱ्यावर, आणि आवाज नंतर हौदात पोतं टाकून घ्या.

रस्ता ओला हवा असेल तर चौरस मीटरला दोन लिटर धरा. १२ मीटर बाय ३ मीटरच्या तुकड्याला सत्तर-बहात्तर लिटर, आणि उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. हा खेळ दुष्काळी आटपाडीत मार्च-एप्रिलमध्ये करू नका. लोक ओरडतील, आणि बरोबरच ओरडतील. साताऱ्याकडे पावसाळ्यात जा, रस्ता फुकटात ओला मिळतो.

रस्त्यावर आणि घाटावर शूट करताना महापालिकेची परवानगी आणि पोलिस ठाण्याला लेखी कल्पना, दोन्ही हवं. मिरज जंक्शनवर रेल्वेच्या परवानगीशिवाय तिपाई उघडू नका. स्टेशन फक्त आवाजात आणलं तरी भागतं.

रंग काढताना

शूटिंग रंगीतच करा, मॉनिटर मोनोक्रोम ठेवा. कॅमेऱ्यातच ब्लॅक अँड व्हाइट रेकॉर्ड केलं की चॅनेल हातातून गेले. दाविंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत आरजीबी मिक्सरमध्ये मोनोक्रोमची खूण करा. लाल ०.३०, हिरवा ०.५९, निळा ०.११ पासून सुरू करा. बाईचा चेहरा मऊ हवा तर लाल ०.४० पर्यंत न्या, ब्लॅकमेल करणाऱ्याच्या सुरकुत्या आणि दाढीचे खुंट दिसायला हवेत तर लाल उतरवून हिरवा चढवा. एकाच प्रसंगात दोघांना वेगळं मिश्रण देऊ नका, मागची भिंत प्रत्येक कटला उडी मारते.

काळा दाबून शून्यावर नेण्याची हौस आवरा. त्या काळच्या चांगल्या प्रिंटमध्ये अंधारातही लाकडाचे रेषे दिसतात. सगळ्यात गडद भाग ३ ते ५ टक्क्यांवर ठेवा. आठ-बिट फाइलमध्ये भिंतीवरच्या उजेडाच्या उतारावर पायऱ्या दिसत असतील तर एक्स्पोर्टच्या आधी बारीक ग्रेन (फिल्मसारखे दाणे) घाला, पायऱ्या मोडतात.

नाट्यगृहात किंवा शाळेच्या हॉलमध्ये दाखवणार असाल तर आदल्या संध्याकाळी त्याच प्रोजेक्टरवर ट्रंक कॉलचा प्रसंग लावून बघा. स्वस्त प्रोजेक्टरचा काळा म्हणजे राखाडी. 'एक्झिट'चा दिवा पडद्यावर पडत असेल तर जिन्याखालची म्हातारी दिसणारच नाही. अशा हॉलसाठी मधले टोन थोडे उचललेली वेगळी फाइल ठेवा. सबटायटल असतील तर अक्षरांना काळी कड द्या, कारण म्हातारीचं पांढरं लुगडं नेमकं चौकटीच्या खालच्या भागात येतं.